गुरुजींची ती रात्र डॉक्टरांपासून लपवू नका

डॉक्टरबाई, नमस्कार.

माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते, वय ६१. दीड वर्षापूर्वी कॅन्सरमुळे त्यांची डावी किडनी काढली. या वर्षी फुप्फुसात बारीक गाठी दिसल्या म्हणून संभाजीनगरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सुनिटिनिब ५० ही कॅप्सूल सुरू केली. चार आठवडे रोज एक आणि मग दोन आठवडे सुट्टी. शुगरची एक गोळी आधीपासून चालू आहे. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत तळपायाला मुंग्या आणि आग सुरू झाली, तोंडाची चव गेली, ओळखीच्या माणसांची नावं आठवेनाशी झाली. नातवाला सोळाचा पाढा शिकवताना मध्येच अडले आणि वही मिटून उठून गेले. गेल्या बुधवारी रात्री डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या. म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ अर्धंच दिसतंय. मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. शेजाऱ्यांच्या मशीनवर बीपी १८४/११० होतं. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत बरं वाटलं.

दीर म्हणाले, ही विषारी गोळी आहे, फेकून द्या. म्हणून पाच दिवस आम्ही दिलीच नाही. मुलगा पुण्याहून ओरडतो, कॅन्सरचं औषध एक दिवसही चुकवायचं नसतं. आणि हे म्हणतात, कॅन्सरच्या डॉक्टरांना यातलं काही सांगू नको, ते औषध बंद करतील आणि मग संपलंच. मी कोणाचं ऐकू?

एक वाचक, परभणी जिल्हा

ताई,

तुमचं पत्र हातात आलं तेव्हा सदराच्या दिवसाची वाट बघणं मला शक्यच नव्हतं. त्याच संध्याकाळी फोन करून मी एवढंच म्हणाले होते: उद्या पहाटेच्या गाडीने निघा, कॅप्सूलचं पाकीट आणि जुने सगळे कागद घ्या, आणि बुधवारच्या रात्रीतलं काहीही गाळू नका. गुरुजी नाराज होते, तरी तुम्ही त्यांना घेऊन गेलात. परवा तुमचा फोन आला. तिथेही बीपी १६८/१०२ भरलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना सूज दिसली, गाठ मात्र कुठेच नाही. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, कॅप्सूल सध्या थांबवली आहे, रक्ताचे काही रिपोर्ट यायचे आहेत. आणि घरात नवा वाद पेटला आहे. दीर म्हणतात, ‘मी आधीच सांगत होतो’. गुरुजी म्हणतात, ‘बघ, केलंच ना बंद’.

फोनवर घाईत सांगितलं ते आता सविस्तर लिहिते. तुमच्या परवानगीने, नाव-गाव वगळून ते सदरात देते आहे, कारण अशा गोळ्या घेणारी माणसं आता गावोगाव आहेत.

आधी तुमचा प्रश्न. तिघांपैकी कोणाचंच पूर्ण ऐकू नका. दिरांचा निर्णय त्या रात्रीपुरता योग्य ठरला. अशा वेळी कॅप्सूल थांबवावीच लागते. पण थांबवून घरी बसायचं नसतं, तडक डॉक्टरांकडे जायचं असतं, आणि इथे पाच दिवस गेले. कारण नसताना औषध चुकवू नये हे मुलाचं म्हणणं खरं आहे, पण इथे कारण होतं. सगळ्यात जास्त चुकले ते गुरुजी, आणि सगळ्यात जास्त मी समजू शकते तेही त्यांनाच. ज्या गोळीवर जीव टांगलेला आहे ती कोणी काढून घेईल या भीतीने माणूस दुखणं गिळतो. माझ्यासमोर बसून ‘काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या किती जणांच्या बायकांनी दाराबाहेर मला हळूच थांबवलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्या थांबवतात म्हणून काही जण वाचतात.

आता त्या रात्री काय झालं ते.

गुरुजींच्या रिपोर्टवर ‘क्लिअर सेल’ लिहिलेलं आहे. किडनीचा हा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर. यात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. निरोगी पेशीला प्राणवायू कमी पडला की ती ‘मला नव्या रक्तवाहिन्या पाठवा’ असा निरोप धाडते. व्हीएचएल बिघडलं की प्राणवायू भरपूर असतानाही गाठ हा निरोप धाडतच राहते. पेशींना प्राणवायूची चाहूल कशी लागते हे शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्यापैकी विल्यम केलिन यांचं काम याच जनुकावरचं आहे. त्या निरोपाचं नाव व्हीईजीएफ. सुनिटिनिब हा निरोप पोचू देत नाही, म्हणून गाठीचा रक्तपुरवठा आटतो. पाझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब, लेनव्हॅटिनिब, सोराफेनिब ही सगळी याच घराण्यातली औषधं.

अडचण अशी, की तोच निरोप शरीरातल्या चांगल्या रक्तवाहिन्यांनाही लागतो. त्याच्या जोरावर त्यांचं आतलं अस्तर धड राहतं आणि त्या सैलावतात. निरोप अडला की त्या आवळतात आणि बीपी चढतं. सुनिटिनिब घेणाऱ्या साधारण तीन-चार जणांमागे एकाचं चढतं, बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांतच. त्यात अस्तरही कमजोर झालेलं असतं. तुमच्याकडे शेतात ठिबक आहे. मोटारीचा दाब एकदम वाढला की जिथे जोड कच्चा, तिथून नळी पाझरायला लागते. मेंदूत हा कच्चा जोड मागच्या भागात असतो, कारण रक्तवाहिन्यांतला दाब सांभाळून घेणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं तिथे विरळ आहे. आणि डोळ्यांनी पाहिलेलं समजून घेण्याचं काम तोच भाग करतो. गुरुजींना घड्याळ अर्धं दिसलं ते यामुळे. डोळे ठणठणीत होते, सूज मेंदूत होती.

एमआरआयच्या कागदावर डॉक्टरांनी ‘प्रेस’ लिहिलं असेल. पोस्टेरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम. १९९६ साली या दुखण्याचं पहिलं एकत्रित वर्णन छापून आलं. तेव्हाच्या रुग्णांत अवयवरोपणानंतरची औषधं घेणारे होते, किडनीच्या आजारात बीपी भडकलेले होते, बाळंतपणात झटके आलेल्या बायका होत्या. या कॅप्सूल तर तेव्हा बाजारात आल्याही नव्हत्या. सुनिटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली ती जानेवारी २००६ मध्ये. या औषधाने प्रेस होणं दुर्मीळ आहे, शंभरात एकालाही होत नाही. म्हणूनच ते पटकन ओळखलं जात नाही. डोकेदुखी, उलट्या, दिसण्यात गडबड, बोलण्या-वागण्यात गोंधळ आणि कधी थेट फिट. यातलं जवळजवळ सगळं गुरुजींना झालं, एक फिट तेवढी टळली.

नावात ‘रिव्हर्सिबल’ आहे, म्हणजे माघारी फिरणारं, त्याकडे लक्ष द्या. औषध वेळेवर थांबलं आणि बीपी आटोक्यात आणलं, तर बहुतेकांची लक्षणं काही दिवसांत जातात आणि एमआरआयवरची सूज काही आठवड्यांत ओसरते. दुर्लक्ष झालं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, कायमचं नुकसान राहू शकतं. सकाळी बरं वाटलं म्हणजे संकट टळलं, असा अर्थ तुम्ही सगळ्यांनी काढलात. तो चुकीचा होता, आणि यात तुमचा दोष नाही. हे आधी कोणीतरी बसून सांगायला हवं होतं.

गावातल्या डॉक्टरांबद्दल एक शब्द. रुग्ण कोणती कॅप्सूल घेतो हे त्यांना बहुधा कोणी सांगितलंच नसेल. पण दुखण्याचं इंजेक्शन बहुतेक डायक्लोफिनॅकचं असतं. त्याच्या जातीची वेदनाशामकं बीपी वाढवतात आणि किडनीवर ताण आणतात. गुरुजींकडे एकच किडनी उरली आहे. यापुढे दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात; बाकी कुठलंही इंजेक्शन विचारल्याशिवाय नको. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: किडनीचा कॅन्सर, एक किडनी, सुनिटिनिबमुळे प्रेस झालं होतं, कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन नंबर. तो कागद गुरुजींच्या खिशात राहू द्या.

कॅप्सूल बंद केल्यावर पाच दिवसांनीही बीपी खाली का आलं नाही, असं तुम्ही फोनवर विचारलंत. सुनिटिनिब शरीरातून हळू जातं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ४० ते ६० तास लागतात, आणि शरीरात त्याच्यापासून जो पदार्थ बनतो आणि तसंच काम करतो, त्याला ८० ते ११० तास. म्हणजे शेवटच्या कॅप्सूलनंतर दोन-तीन आठवडे औषधाचा अंमल थोडाफार राहतो. या काळात बीपीची गोळी चुकवायची नाही. आणि अंमल संपत जाईल तसं बीपी एकदम खालीही येऊ शकतं. उठताना चक्कर यायला लागली, वरचा आकडा ११० च्या खाली जायला लागला, तर गोळी कमी करायला सांगतील. म्हणून रोज मोजायचं.

कसं मोजायचं तेही लिहिते, कारण शेजाऱ्यांचं मशीन मनगटाचं आहे असं कळलं. दंडावर पट्टी बांधायचं स्वतःचं मशीन घ्या. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसलेलं असावं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला आधारावर. बोलायचं नाही. सकाळी आणि रात्री, दोन-दोन वेळा. वरचा आकडा १५० किंवा खालचा १०० ओलांडून राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १८० किंवा १२० च्या वर गेला तर दवाखाना. आणि आकडा कितीही असो, नवी जोरदार डोकेदुखी, दिसण्यात गडबड, बोलण्यात घोळ, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं किंवा फिट, यातलं काहीही झालं तर मशीन शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. प्रेस फार न चढलेल्या बीपीतही होतं. शिवाय याच औषधांनी क्वचित पक्षाघातही येतो, आणि त्यात प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, किती वेळ चालली ते घड्याळात बघा. चप्पल, कांदा काही हुंगवायचं नाही, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गुरुजींनी स्कूटर चालवायची नाही, विहिरीच्या काठावर एकट्याने जायचं नाही.

फिटच्या औषधाबद्दल एक गोष्ट मला ठळक सांगायची आहे. फिनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही जुनी औषधं यकृताचं काम असं वेगात करतात, की सुनिटिनिबसारखं औषध रक्तात टिकतच नाही, गाठीवर पुरेसं पोचत नाही. टीबीवरचं रिफाम्पिसिनही तसंच. उलट क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, कीटोकोनॅझोलसारखी बुरशीवरची गोळी, बीपीसाठी दिलं जाणारं डिल्टिझेम ही औषधं त्याचं प्रमाण वाढवतात, आणि मग सगळे त्रास दुप्पट. ग्रेपफ्रूटही तेच करतं, ते खाऊ नये. म्हणून कोणीही नवी गोळी लिहून दिली की पाकिटाचा फोटो आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना पाठवा. फिट थांबवायला लेव्हेटिरॅसिटामसारखी औषधं आहेत, ती ही ढवळाढवळ करत नाहीत. दिरांनी आणलेल्या काढ्यालाही हाच नियम. त्यांचा जीव तुटतो म्हणून ते आणतात हे मला दिसतं, पण बाटलीत काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसेल तर तो काढा गुरुजींच्या पोटात जाऊ नये.

आता गुरुजींची भीती: बंद केलं म्हणजे संपलं.

गुरुजी, हे तुम्हीच वाचा. सुनिटिनिबच्या वेळापत्रकातच दोन आठवड्यांची सुट्टी आहे. ते औषध पहिल्या दिवसापासून थांबत थांबतच दिलं जातं. ब्रिटनमध्ये ९०० हून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुनिटिनिब किंवा पाझोपॅनिब सहा महिने घेऊन आजार स्थिर असलेल्या काहींना ठरवून मोठी सुट्टी दिली आणि आजार पुन्हा वाढू लागला की औषध परत सुरू केलं. त्यांच्या आयुष्यमानात म्हणण्यासारखी घट दिसली नाही. तुमची परिस्थिती वेगळी आहे, तुमची तर दुसरीच फेरी होती, म्हणून हा अभ्यास तुम्हाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दोन-तीन आठवडे थांबल्याने सगळं हातातून जातं, ही समजूत त्यावरून नक्की सुटावी.

बीपी चढलं म्हणजे औषध बाधलं, असाही सरळ अर्थ नाही. सुनिटिनिबवर ज्यांचं बीपी चढलं त्यांच्यात औषधाचा गाठीवरचा परिणाम सरासरीने जास्त चांगला दिसला आहे, आणि बीपीची गोळी दिल्याने हा परिणाम कमी झालेला दिसला नाही. म्हणजे बीपी डॉक्टरांपासून लपवून तुम्ही काहीच वाचवत नव्हता. पहिल्या फेरीतच आकडा कळला असता तर एका साध्या ॲम्लोडिपिनच्या गोळीने कदाचित ती बुधवारची रात्र टळली असती आणि सुनिटिनिबही चालू राहिलं असतं. हे मी रागावून लिहीत नाही. मनापासून वाटतं म्हणून लिहिते.

आणि दिरांना सांगा, ही गोळी विष नाही. २००५ च्या आधी पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिनच्या इंजेक्शनांपलीकडे फारसं काही नव्हतं. २००७ साली सुनिटिनिबची इंटरफेरॉनशी थेट तुलना प्रसिद्ध झाली. इंटरफेरॉनवर आजार साधारण ५ महिने थोपून राहत होता, सुनिटिनिबवर ११ महिने. औषध जोरकस आहे म्हणून त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो, इतकंच.

पुढे काय? प्रेस झाल्यावर सुनिटिनिब सहसा पुन्हा देत नाहीत. त्याच घराण्यातलं दुसरं औषध कमी डोसने द्यायचं, की वाटच बदलायची, हे डॉक्टर ठरवतील. घराण्यातल्या कोणत्याही औषधाने प्रेस पुन्हा होऊ शकतं, हे लक्षात घेऊनच ते ठरवावं लागतं. वेगळी वाट म्हणजे इम्युनोथेरपी. निव्होलुमॅब हे त्यातलं औषध किडनीच्या कॅन्सरसाठी २०१५ पासून वापरात आहे. ते रक्तवाहिन्यांच्या निरोपात हात घालत नाही, शरीराच्या स्वतःच्या संरक्षणाला जागं करतं. त्याचेही त्रास आहेत आणि खर्च मोठा आहे. पुढच्या भेटीत सरळ विचारा: आमच्यासाठी कोणत्या वाटा आहेत, प्रत्येकीचा महिन्याचा खर्च किती, कोणत्या योजनेत बसेल, आणि काही दिवस नुसतं लक्ष ठेवून थांबलो तर काय. खर्चाचं विचारायला संकोच करू नका. डॉक्टरांनाही ते कळलेलं बरं असतं.

आता विसरण्याबद्दल, कारण फोनवर तुमचा आवाज तिथे सगळ्यात जास्त कापरा झाला. सोळाचा पाढा अडला तेव्हा गुरुजींना काय वाटलं असेल, ते मी कल्पनेने जाणते. ज्याने तीस-पस्तीस वर्षं मुलांकडून पाढे घोकून घेतले त्याच्यासाठी तो पाढा पायाखालची फरशी असतो. पण हा लगेच म्हातारचळ किंवा स्मृतिभ्रंश समजू नका. याची कारणं शोधता येतात आणि त्यातली बरीचशी दुरुस्त होतात. पहिलं कारण थायरॉइड. सुनिटिनिबने थायरॉइड मंदावणं फार वेळा दिसतं. मग माणूस सुस्त होतो, गारठतो, हळू बोलतो, नावं आठवत नाहीत, उदास बसतो. टीएसएचची तपासणी झाली का विचारा; त्यावरचं औषध स्वस्त आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. दुसरं सोडियम. ते उतरलं की या वयात माणूस गोंधळतो. तिसरं शुगर. सुनिटिनिबने रक्तातली साखर उतरू शकते, आणि गुरुजींची शुगरची गोळी वरून चालूच आहे, त्यात चव गेल्याने जेवण निम्म्यावर आलेलं. गोंधळलेले वाटले की आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या, मग डॉक्टरांना फोन. क्वचित यकृताच्या बाजूने रक्तात अमोनिया साठूनही भ्रम होतो, तीही तपासणी असते. मेंदूत गाठ नाही हे एमआरआयने दाखवलंच आहे. किडनीचा कॅन्सर मेंदूत जाऊ शकतो, म्हणून ते बघणं गरजेचंच होतं.

हे सगळं नीट असूनही थोडं विसरणं उरू शकतं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सुनिटिनिब आणि सोराफेनिब घेणाऱ्यांची शिकण्याची, लक्षात ठेवण्याची आणि कामं आखण्याची क्षमता निरोगी लोकांपेक्षा कमी भरली होती. म्हणजे गुरुजी बहाणा करत नाहीत आणि तुमच्या मनाचेही हे खेळ नाहीत. फक्त रोज सकाळी त्यांची परीक्षा घेऊ नका. ‘हे कोण आले होते, सांगा बरं’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी बोचतो. माणूस दारात आला की तुम्हीच नाव घेऊन ‘या’ म्हणा. नातवाचा पाढा आठवड्यातून दोनदा, सकाळच्या ताज्या वेळेला, दोघांनी मिळून.

तळपायाच्या मुंग्यांचं काय? तुम्ही फोनवर म्हणालात की टाचेची कातडी जाड झाली आहे, लाल आहे आणि भार पडला की दुखते. हे नसांचं दुखणं कमी आणि कातडीचं जास्त वाटतं. या औषधांनी हात-पायांच्या तळव्यांना अशी प्रतिक्रिया येते आणि तिची सुरुवात मुंग्यांनीच होते. शुगर असल्यामुळे नसांचाही थोडा वाटा असू शकतो, तो डॉक्टर पिन आणि ट्यूनिंग फोर्क लावून तपासतील. पण काशाच्या वाटीने तळपाय घासणं आजपासून बंद. तुम्ही रोज रात्री तूप लावून घासत होता, त्यांना बरं वाटावं म्हणून. घासण्याने आणि दाबण्यानेच ही कातडी जास्त बिघडते. गरम पाण्यात पाय बुडवणंही नको. युरिया असलेलं क्रीम हलक्या हाताने, सुती मोजे, मऊ तळव्याची चप्पल घरातसुद्धा. कॅप्सूल थांबली आहे, तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल.

चव परत येईल. तोपर्यंत तिखट कमी, दही-भात, मऊ खिचडी, लिंबाची फोड जवळ. पपईसारखे पिवळे दिसतात असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण कातडी पिवळसर दिसली तर एकदम घाबरू नका, या औषधाचा रंगच तसा आहे. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला तर मात्र लगेच दाखवा, ती कावीळ असू शकते.

एक काम मुलाला द्या. तो पुण्यात बसून काळजीने ओरडतो आहे, त्याच्या हाताला काम हवं. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाच्या घरच्यांनाही करता येते. त्यासाठी देशात फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया आहे, २०१० पासून चालू, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. कॅप्सूलचा बॅच नंबर, तारखा, बीपीचे आकडे आणि एमआरआयचा निष्कर्ष त्याने कळवावा. आपल्याकडे अशा नोंदी कमी होतात, आणि एवढ्या दुर्मीळ त्रासाची एकेक नोंद उपयोगाची असते.

आणि बीपीची वही गुरुजींनीच लिहायची. तुम्ही नाही. त्यांनी आयुष्यभर हजेरीपट भरला आहे, हाही तसाच आखून घेऊ द्या: तारीख, सकाळ, रात्र, डोकं दुखलं का, नजर कशी होती, झोप, शुगर, आज काय विसरलं. शेवटचा रकाना त्यांना आवडणार नाही, तरी असू द्या. तोच रकाना पुढे रिकामा होत गेलेला त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसेल. एखाद्या दिवशी अक्षरच बिघडलेलं दिसलं, ओळ तिरकी गेली, तर तीही तुमच्यासाठी खूण आहे. त्या दिवशी बीपी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर आधी ही वही ठेवा, बाकीचे कागद नंतर.

मशीन आणलं की पट्टी एकदा तुमच्याही दंडाला बांधा, ताई. दोन पानी पत्रात स्वतःच्या तब्येतीबद्दल तुम्ही एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. आकडा मला फोन करून सांगा.